कापड विणणारी फणी!

ए दोस्ता, जरा जवळ ये. एक गंमत सांगते!

आजीच्या कपाटात एक फणी असते बघ. लाकडी, चपटी, दोन्ही बाजूंना बारीक बारीक दात. डोक्यात खाज सुटली रे सुटली की आजी ती घेऊन मागे लागते आणि आपण धूम ठोकतो. हां, तीच!

आता ओळख पाहू, केस सोडून फणीतून आणखी काय जातं?

धागे!

विणकराच्या मागावरही एक फणी असते. खरंच, तिचं नाव फणीच! कापडाचे शेकडो धागे तिच्या दातांमधून शिस्तीत जातात. पण आज मी ज्या फणीची ओळख करून देणार आहे ना, ती भलतीच हुशार आहे. ती नुसती विंचरत नाही, ती कापड विणायला लागते! आणि या हुशार फणीत असतं काय? फट आणि भोक. फट आणि भोक. फट आणि भोक. या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढंच!

विश्वास नाही बसत? बसेल. आधी तुझा रुमाल घेऊन ये.

आणला? आता खिडकीपाशी उजेडात धर. घरात भिंग असेल तर त्यातून बघ, नसेल तर डोळे बारीक करून बघ. दिसल्या का इवल्या इवल्या चौकटी? कापड म्हणजे कागदासारखं सलग काही नसतंच. ती सगळी धाग्यांची गर्दी! काही धागे उभे, काही आडवे. उभ्या धाग्यांना म्हणतात ताणा. आडव्यांना म्हणतात बाणा. ताणा मागावर आधी ताणून बसवायचा. मग बाणा त्याच्यातून इकडून तिकडे, तिकडून इकडे पळवायचा.

पळवायचा कसा? खो-खो आठव! रांगेत आठ जण बसलेत. एकाचं तोंड इकडे, पुढच्याचं तिकडे. आणि एक पठ्ठ्या त्यांच्यामधून नागमोडी सुटलाय. एकाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून, तिसऱ्याच्या पुढून. या पळण्याला खो-खोत साखळी म्हणतात, माहीत आहे ना? बाणा हुबेहूब तशीच साखळी खेळतो! एका उभ्या धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, पुन्हा वरून, पुन्हा खालून.

टोकाला पोचला की वळायचं आणि परत यायचं. पण येताना उलट! जाताना ज्याच्या वरून उडी मारली, येताना त्याच्या खालून घुसायचं. ही उलटापालट झाली की बाणा फसलाच म्हणून समज. त्याला परत निसटता येत नाही. धागे एकमेकांना धरून बसतात. ना गाठ, ना गोंद!

(लहानपणी मला एक कोडं छळायचं. आजी स्वेटर विणते आणि विणकर साडी विणतो. शब्द एकच, मग काम एकच का? मी शहाणपणा करून आजीच्या अर्धवट स्वेटरचं टोक ओढून पाहिलं. सर्रकन दहा ओळी उसवल्या! स्वेटर म्हणजे लोकरीच्या एकाच धाग्याचे एकमेकांत अडकवलेले फासे. तिथे ताणाही नाही आणि बाणाही नाही. पुढे काय झालं ते मी सांगणार नाही.)

आता थोडंसं गणित. घाबरू नकोस, बोटांवरचं आहे!

समजा, आपल्याला १२ इंच रुंद आणि १ मीटर लांब मफलर विणायचाय. एका इंचात १० उभे धागे धरू. म्हणजे ताण्याचे झाले १२० धागे. सुईत बाणा ओवून आपण एकेक धागा वर-खाली करत निघालो. एका धाग्याला एक सेकंद. म्हणजे एका फेरीला १२० सेकंद, पूर्ण दोन मिनिटं! आणि एक मीटर कापडासाठी अशा फेऱ्या किती? साधारण ४००.

दोन गुणिले चारशे. आठशे मिनिटं! म्हणजे १३ तास २० मिनिटं!! तेवढ्या वेळात शाळा दोनदा भरेल आणि दोनदा सुटेल. मधली सुट्टी धरून!

तर इथे येते आपली फणी.

पीटीचा तास डोळ्यांसमोर आण. मुलं एका ओळीत उभी आहेत. सर म्हणतात, ‘मोजा!’ आणि ओळ ओरडते, एक! दोन! एक! दोन! मग सर म्हणतात, ‘सगळे एक नंबर, पुढे!’ खाडकन निम्मी मुलं एकाच वेळी पुढे. दोन नंबरवाले आपल्या जागी. सरांना एकेकाचा हात धरून पुढे आणावं लागलं का? छे!

फणी म्हणजे धाग्यांचे पीटीचे सर!

कशी, बघ. ही फणी म्हणजे एक ताठ चौकट. तिच्यात उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या. प्रत्येक पट्टीच्या बरोबर मधोमध एक छोटं भोक. आणि दोन पट्ट्यांच्या मधे एक लांबच लांब फट. ताण्याचा पहिला धागा भोकातून ओवायचा, दुसरा फटीतून. तिसरा भोकातून, चौथा फटीतून. एक, दोन, एक, दोन!

भोकातला धागा म्हणजे आईच्या कडेवरचं बाळ. आई जिना चढली की बाळ वर, आई उतरली की बाळ खाली. त्याला काही पर्यायच नाही. आणि फटीतला धागा? तो म्हणजे कट्ट्यावर बसलेले आजोबा! समोरून कुणी वर जावो, कुणी खाली जावो, आजोबा ढिम्म.

आता फणी उचल. भोकातली सगळी बाळं वर! फटीतले सगळे आजोबा जागेवर. आणि दोघांच्या मधे उघडला एक बोगदा! खंडाळ्याच्या घाटात असतो ना, तसा. वर धागे, खाली धागे, मधे मोकळी वाट.

या बोगद्यातून गाडी जाते ती धोट्याची. धोटा म्हणजे बाणा वाहून नेणारं वाहन. मोठ्या मागावर तो होडीसारखा असतो. आपल्या या छोट्या मागावर मात्र दोन्ही टोकांना खाच पाडलेली साधी पट्टी चालते. तिच्यावर धागा गुंडाळायचा. सरकव धोटा या बाजूने, घे त्या बाजूने. झाली एक फेरी! एकशेवीस धाग्यांची साखळी एका दमात!

मग फणी अंगाकडे ओढायची आणि नव्या धाग्याला आधीच्या धाग्याशेजारी नीट बसवायचं. टप्प! लोकलमधे ‘जरा सरकून घ्या’ म्हणतात, तसं.

आणि आता फणी खाली दाब. बाळं गेली खाली. आजोबा अजून तिथेच! म्हणजे मघाशी जे वर होते ते आता खाली आणि जे खाली होते ते आता वर. पुन्हा बोगदा उघडला, पण उलटा. आपल्याला हवी होती ती उलटापालट आपोआप झाली की!

एका फेरीला १० सेकंद धर. चारशे फेऱ्या म्हणजे ४००० सेकंद. एक तास आणि वर सहा-सात मिनिटं. कुठे तेरा तास आणि कुठे हे!

मला यातलं सगळ्यात काय आवडतं, सांगू? फट काहीच करत नाही. ती बिचारी नुसती रिकामी असते! आता कल्पना कर, कुणीतरी म्हणालं, ‘फटी कशाला? सगळ्या धाग्यांना छान छान भोकं देऊ.’ मग काय होईल? फणी वर, सगळे धागे वर. फणी खाली, सगळे धागे खाली. बोगदा कुठाय? गायब! कापडाचा एक इंचसुद्धा विणून होणार नाही. आजोबा ढिम्म बसतात म्हणूनच तर गाडी जाते!

मोठ्या हातमागावर ही कामं वाटून दिलेली असतात. धागे उचलायला दोऱ्यांच्या वेगळ्या चौकटी, त्या हलवायला पायाखाली पावड्या, आणि धागा ठोकून बसवायला फणी वेगळी. इथे धागे रांगेत ठेवायचे, बोगदा उघडायचा आणि ठोकायचं, तिन्ही कामं आपली ताठ फणी एकटीच करते. इंग्रजीत या मागाला ‘रिजिड हेडल लूम’ म्हणतात. रिजिड म्हणजे ताठ, हेडल म्हणजे धागे उचलणारा भाग, लूम म्हणजे माग. आपण आपलं ‘ताठ फणीचा माग’ म्हणू. हा माग टेबलावर मावतो. माझा तर पलंगाखाली जातो.

माझा म्हणजे? हो तर! माझ्याकडे आहे एक. आणि त्यावरचा माझा पहिला मफलर झाला... डमरू!

हसू नकोस. सुरुवातीला चांगला १२ इंच रुंद होता. मी बाणा छान सरळ, ताठ ओढून घेत होते. जितका सरळ तितका नीटनेटका, असं मला वाटलं. वीतभर विणलं आणि पाहते तो काय, कडा आत आत सरकलेल्या! मधे मफलर राहिला ८ इंच. मग घाबरून मी धागा सैल सोडला. तो पुन्हा रुंद झाला. वर रुंद, मधे बारीक, खाली रुंद. मदाऱ्याने मागून न्यावं असं डमरू!

असं का झालं? सहा पेन्सिली घे. टेबलावर एकीशेजारी एक, थोडं थोडं अंतर सोडून ठेव. आता त्यांच्यावरून एक दोरा सरळ धर आणि पहिल्या पेन्सिलीपासून शेवटच्या पेन्सिलीपर्यंत किती लागला ते मोज. मग तोच दोरा एकीच्या वरून, दुसरीच्या खालून असा घाल आणि पुन्हा मोज. बघ बघ, जास्त लागला!

डोंगरापलीकडच्या गावाला पक्षी सरळ उडत जातो. आपली एसटी मात्र घाटाची वळणं घेत जाते, म्हणून तिचं अंतर जास्त. बाण्याला एसटीसारखं जायचं असतं आणि मी त्याला पक्ष्याएवढाच धागा देत होते! मग बिचाऱ्याने उरलेला धागा आणायचा कुठून? त्याने दोन्ही कडाच आत ओढून घेतल्या.

यावरचा उपाय इतका सोपा की मी कपाळावर हात मारून घेतला. धागा बोगद्यात सरळ ठेवायचाच नाही. कमान करून ठेवायचा, इंद्रधनुष्यासारखी! मग फणी ओढायची. टप्प! कमानीतला जादा धागा वळणं घ्यायला पुरतो आणि कडा जागच्या जागी राहतात.

आता तुला खरी जादू दाखवते. यासाठी माग लागत नाही. चौकटीची गणिताची वही आणि एक लाल पेन्सिल पुरे. आहे का जवळ?

ताण्यात एक धागा लाल, एक पांढरा, एक लाल, एक पांढरा, असे घेतलेत. लाल सगळे भोकांत. पांढरे सगळे फटींत. धोटेही दोन. एकावर लाल धागा, एकावर पांढरा. एक फेरी लाल, एक फेरी पांढरी, असं विणायचंय.

वहीत आठ चौकटींची एक ओळ घे. फणी वर आणि धोटा लाल. पहिली चौकट: भोकातला लाल धागा वर आलाय, तोच दिसणार. रंगव लाल. दुसरी चौकट: फटीतला पांढरा धागा खाली आहे, त्याच्यावरून बाणा गेलाय. बाणा कुठला? लाल! रंगव लाल. तिसरी? पुन्हा लाल. चौथी? लाल! अरेच्चा, सगळी ओळच लाल झाली!

त्याच्यावरची ओळ. फणी खाली आणि धोटा पांढरा. पहिली चौकट: लाल धागा खाली गेला, त्याच्यावर बाणा पांढरा. म्हणून पांढरी. दुसरी: पांढरा धागाच वर आलाय. पांढरी. सगळी ओळ पांढरी!

अशा सहा-आठ ओळी कर. काय दिसतंय? आडवे पट्टे. लाल, पांढरा, लाल, पांढरा. ठीक आहे, यात काय मोठंसं, असं म्हणशील.

थांब! आता फक्त एक बदल. सुरुवात पांढऱ्या धोट्याने करायची. बाकी ताणा तोच, फणी तीच, रंग तेच. वहीचं नवं पान घे.

फणी वर, धोटा पांढरा. पहिली चौकट: लाल धागा वर. लाल. दुसरी: पांढरा धागा खाली, त्याच्यावर बाणा पांढरा. पांढरी. तिसरी लाल, चौथी पांढरी. पुढची ओळ. फणी खाली, धोटा लाल. पहिली चौकट: लाल धागा खाली गेला, त्याच्यावर बाणाही लाल. लाल! दुसरी: पांढरा धागा वर. पांढरी! म्हणजे आधीच्या ओळीसारखीच ही ओळ. आणि पुढचीही तशीच. पुढचीही!

आता पान लांब धरून बघ. पट्टे उभे राहिले!!

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा रंगवलं. पुन्हा उभेच! तेच लाल धागे, तेच पांढरे धागे, तेच साधं वर-खाली. फक्त पहिला मान कुणाला, एवढाच फरक. आणि झोपलेले पट्टे ताडकन उभे!

याच्याही पुढची गंमत ऐक. ताण्यात मधोमध दोन लाल धागे शेजारी शेजारी घातले तर? एक, दोन, एक, दोन ही शिस्त चालूच आहे. म्हणजे पहिला लाल भोकात आणि दुसरा लाल फटीत. तिथून पुढे सगळी अदलाबदल! आता लाल सगळे फटींत आणि पांढरे भोकांत. मग एकाच वेळी, त्याच दोन धोट्यांनी, कापडाच्या डाव्या अर्ध्यात पट्टे आडवे आणि उजव्या अर्ध्यात उभे! आणि विणता विणता मधेच लाल धोटा लागोपाठ दोनदा फिरवला की? आडवे होतात उभे आणि उभे होतात आडवे. कापडभर चौकोन दिसू लागतात, एकात उभ्या रेघा, शेजारच्यात आडव्या. गच्चीवर एक चटई उभी, एक आडवी अशा अंथरल्यासारखं! विणणाऱ्यांच्या इंग्रजी पुस्तकांत या नमुन्याला ‘लॉग कॅबिन’ म्हणतात, म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांची झोपडी. मला विचारशील तर चटयाच छान.

कुणाला हा मफलर दाखवला की ते म्हणतात, ‘बाप रे, किती अवघड असेल!’ मी गालातल्या गालात हसते.

आणखीही करामती आहेत. फणीच्या मागे एक चपटी काठी घालून फटीतले काही निवडक धागेच उचलायचे. फटीतलेच का? कारण तेच मोकळे आहेत ना! भोकातले बांधलेले. मग काही धागे दोन-तीन फेऱ्यांवरून तरंगत जातात आणि कापडावर उंच नक्षी उठते. अशा वेळी आजोबांनाही थोडं हलावं लागतं.

आणि एकाच फेरीत दोन रंग हवे असतील तर? डावीकडून पिवळा धागा यावा, उजवीकडून हिरवा, मधे भेटावेत, एकमेकांच्या हातात हात अडकवावा आणि आपापल्या घरी परत जावं. फुगडीच जणू! पैठणीच्या पदरावरचे मोर आणि वेली अशाच होतात. येवल्याचे आणि पैठणचे विणकर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी वापरतात आणि धागे एकमेकांत अडकवत जातात. म्हणून हाताने विणलेल्या अस्सल पैठणीची नक्षी मागच्या बाजूनेही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. घरात कुणाकडे असेल तर हळूच उलटून बघ. आधी हात धुऊन हं!

आता मला सांग, ही फट-भोकाची फणी निघाली कुठून? कारखान्यातून? मुळीच नाही. ती खूप जुनी आहे. इंग्लंडमधे साउथ शील्ड्स नावाचं गाव आहे. तिथे रोमन लोकांचा एक किल्ला होता. तिथल्या अवशेषांत अशी फणी सापडली आहे. आणि ती कशाची? हाडाच्या पट्ट्यांची!

त्याहून मजा युरोपच्या पार उत्तर टोकाला. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा एक कोपरा, इथे सामी लोक राहतात. तिथे हिवाळ्यात बर्फच बर्फ. सामी लोक रेनडिअर पाळतात. रेनडिअर म्हणजे फांद्या फुटलेल्या शिंगांचं हरिण. त्यांच्यात नराला शिंगं असतात आणि मादीलाही! आणि ही शिंगं दरवर्षी गळून पडतात, आपले दुधाचे दात पडतात तशी. पण आपल्याला दात एकदाच नवे येतात, त्यांना शिंगं दरवर्षी नवी!

तर सामी लोक या शिंगापासून काय करतात? फणी! तळहातात मावेल एवढी. शिंग तासून पट्ट्या, पट्ट्यांना भोकं, मधे फटी. लाकडाच्याही करतात. तिच्यावर ते रंगीत लोकरीचे लांब लांब पट्टे विणतात. हे पट्टे बुटाच्या वरच्या तोंडाशी पायाला गच्च गुंडाळायचे, म्हणजे बर्फ बुटात शिरत नाही. किती कामाचे!

पण दोस्ता, फणी मिळाली, माग कुठाय? ताणा ताणायला चौकट नको?

नको! धाग्यांचं एक टोक बांधायचं झाडाला किंवा खांबाला. आणि दुसरं टोक बांधायचं स्वतःच्या कमरेला! मागे रेललं की धागे ताठ, पुढे झुकलं की सैल. म्हणजे विणणारं माणूसच मागाचा अर्धा भाग!

हे वाचल्यावर माझी भाची गप्प बसेना. ‘आपण करू या, आत्ता करू या!’ रेनडिअर आमच्या सोसायटीत नाहीत. मग आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांवर भागवलं. तुलाही करता येईल.

नऊ चपट्या काड्या घे. प्रत्येकीच्या मधोमध एक भोक हवं. हे काम मात्र घरातल्या मोठ्या माणसाकडून बारीक ड्रिलने करून घे, कारण काडी पटकन चिरते. (आमच्या चार चिरल्या. म्हणजे चार आइस्क्रीम जास्त खावी लागली. इलाज नव्हता.) भोकं पॉलिश पेपरने गुळगुळीत कर. मग काड्या शेजारी शेजारी उभ्या मांड. मधे धागा सहज सरकेल एवढी फट ठेव. वरच्या टोकांवर एक आडवी काडी चिकटव, खालच्या टोकांवर एक. उलटून मागच्या बाजूनेही तशाच दोन. रात्रभर वाळू दे.

झाली फणी! नऊ भोकं आणि आठ फटी. म्हणजे धागे किती? सतरा!

आम्ही जाड लोकरीचे दोन-दोन मीटरचे सतरा धागे कापले. नऊ लाल, आठ पांढरे. लाल भोकांतून, पांढरे फटींतून. एका बाजूची टोकं एकत्र करून खिडकीच्या गजाला बांधली. दुसऱ्या बाजूची टोकं ओढणीला बांधली आणि ओढणी भाचीच्या कमरेला. धोटा म्हणून जाड पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर गुंडाळली लाल लोकर.

पण एक गोष्ट इथे नेमकी उलटी! मफलरला मी काय सांगितलं? धागा ओढू नकोस, कमान कर. पट्ट्याला मात्र बाणा चांगला ओढून घ्यायचा. डमरू होईल? होऊ दे, आपल्याला तेच हवंय! सगळे उभे धागे गोळा होऊन खेटून बसतात, पट्टा अरुंद आणि दणकट होतो. आणि बाणा? तो आत लपून जातो! फक्त कडेला वळताना टिंबाएवढा डोकावतो. लपंडावातला तो एक असतो ना, पडद्याआड लपतो पण ज्याचे पाय दिसतात, तसा! पट्टा इतका अरुंद झाला की रुंद फणीने ठोकता येत नाही. म्हणून प्रत्येक बोगद्यात कंपासपेटीतली पट्टी घालायची आणि तिने धागा अंगाकडे दाबायचा.

फणी वर, लाल ओळ. फणी खाली, पांढरी ओळ. लाल, पांढरी, लाल, पांढरी. शिडीसारखी नक्षी हळूहळू लांबत गेली. पहिली बोटभर शिडी वेडीवाकडी होती. दुसरी बरी. तिसऱ्या बोटाला भाची गाणं गुणगुणायला लागली, म्हणजे जमलं!

वीतभर पट्टा झाला तेव्हा तिला एक शोध लागला. ती जोरात हसली की कमरेची ओढणी हलते, धागे सैल पडतात आणि बोगदा मिटतो. शिंक आली तरी तेच. म्हणून मी मुद्दाम विनोद सांगायला लागले. ती ओठ घट्ट मिटून, गाल फुगवून विणत राहिली.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. टिंग टाँग! मी स्वयंपाकघरात, हात कणकेने भरलेले. ‘अगं, दार उघड जरा!’

पुन्हा टिंग टाँग. दार काही उघडेना. आणि बाहेरच्या खोलीतून मोठ्याने आवाज आला, ‘थांबा हो, मला खिडकीला बांधलंय!’